नाताळची कार्डं हाताने करायचीत, ऑफिस आणि मैत्रिणींसाठी. कागद, डिझाइन, मजकूर, सगळ्याचाच सल्ला हवाय (कोल्हापूर)

शिरोलीची_अकौंट्सवाली:
नमस्कार मंडळी. यंदा नाताळला व्हॉट्सॅपवरचे चमचम करणारे फोटो पुढं ढकलायचे नाहीत, हाताने कार्डं करून द्यायची असं डोक्यात घेतलंय. शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे, आमचा सेक्शन आणि शेजारचा डिस्पॅच मिळून पंचवीसेक माणसं, त्यात तिघंचौघं ख्रिश्चन, बाकीचे आपले केक कापायच्या वेळेला बरोबर हजर होणारे. शिवाय कॉलेजच्या मैत्रिणी, त्यातल्या काही पुण्यात, एक बेंगळुरूला, म्हणजे थोडी कार्डं पोस्टानं जाणार. चाळीसभर धरा.

चित्रकला बेताची, शाळेत एलिमेंट्रीची परीक्षा दिलेली तेवढीच. लेक चौथीत आहे, ती मदत करते म्हणतीय म्हणजे पसारा करणार. यूट्यूबवर बघितलं तर एकेका कार्डाला लेस, मोती, ग्लिटर, तीन थर, वर रिबिनीचा बो, एवढं चाळीस वेळा करायचं तर पुढच्या नाताळलाच पोचतील कार्डं.

तर कागद कुठला घ्यायचा आणि आपल्याकडं कुठं मिळेल, चाळीस होतील अशी सोपी पण बालवाडीछाप न दिसणारी आयडिया काय, आणि आत लिहायचं काय? साहेबांना काय लिहायचं हा वेगळाच प्रश्न. ख्रिश्चन सहकाऱ्यांना खटकेल असं काही होऊ नये एवढीच इच्छा. बजेट हजाराच्या आत.

तांबडा_पांढरा:
सांताला फेटा बांधा, पायात कोल्हापुरी पायताण, पोत्यात गुळाची ढेप. नाद खुळा कार्ड हुतंय बघा. साहेबांच्या कार्डावर फक्त "इन्क्रीमेंटची वाट बघतोय" लिवा.

कागदवेडी:
वरच्या दादांकडं दुर्लक्ष करा ताई. (फेट्याची आयडिया वाईट नाही म्हणा, पण चाळीस फेटे काढत बसणार कोण.)

कागदाचं सांगते. झेरॉक्सचा कागद असतो ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड), त्याचं कार्ड केलं की टेबलावर उभं राहत नाही, मान टाकतं. २५० ते ३०० जीएसएमचा घ्या. दुकानात जीएसएम विचारलं की कधीकधी दुकानदार तोंडाकडं बघतो, तेव्हा आयव्हरी शीट नाहीतर जाड कार्डशीट मागा आणि बोटांनी चाचपून बघा, लग्नपत्रिकेइतकं जाड लागलं पाहिजे. महाद्वार रोडला आणि राजारामपुरीत मोठ्या स्टेशनरीत मिळतंय. महाद्वार रोडला रविवारी मात्र जाऊ नका, देवीच्या दर्शनाची गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळायची नाही आणि एवढं मोठं शीट हातात घेऊन गर्दीतनं चालणं म्हणजे शिक्षा. जाताना जुन्या कॅलेंडरची सुरनळी न्या, त्यात शीट गुंडाळून आणता येतं, घरी आल्यावर उलटं गुंडाळून पुस्तकांखाली ठेवलं की सरळ होतं.

मोठं शीट साधारण २२ बाय २८ इंचाचं येतं. त्यातनं साडेपाच बाय सातचे बरोब्बर सोळा तुकडे निघतात, मधे दुमडले की साडेतीन बाय साडेपाचचं कार्ड तयार. म्हणजे तुम्हाला तीन शीट पुरतात, वर आठ तुकडे बिघडवायला राहतात. पांढरंशुभ्र घेऊ नका, किंचित मोतिया घ्या, लाल आणि हिरवा रंग त्यावर जास्त खुलतो.

आणि घडी. हाताने केलेलं कार्ड गबाळं दिसतं ते नव्वद टक्के वेळा घडीमुळं. जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर तडे जातात आणि आतला पांढरा चुरा दिसतो. संपलेलं बॉलपेन घ्या, नाहीतर स्वेटर विणायची सुई, पट्टी धरून मधोमध दाबून रेघ ओढा, कागद कापायचा नाही नुसती खाच पाडायची, मग दुमडा आणि चमच्याच्या पाठीनं घासा. खाच पडते ती बाजू कार्डाच्या बाहेर ठेवायची, म्हणजे खाचेपासून लांब दुमडायचं. लोक उलटं करतात.

जुना_प्रेसवाला:
मॅडमनी बरोबर सांगितलंय, एक राहिलं. कागदाला दिशा असते. मिलमध्ये कागद तयार होताना तंतू एका अंगाला लोळतात, त्या दिशेनं घडी घातली तर गुळगुळीत बसते, आडवी घातली की फाटल्यागत होते. ओळखायचं कसं, तर शीट दोन्ही बाजूंनी हळूच वाकवून बघा, ज्या बाजूनं कमी जोर लागतो ती घडीची दिशा. बारक्या तुकड्यावर बघायचं असेल तर एका बाजूनं पाणी लावा, कागद ज्या अक्षाभोवती सुरळी होतो तीच तंतूची दिशा.

आणि चाळीस तुकडे कात्रीनं कापू नका, कितीही हात सरळ असला तरी एकसारखे येत नाहीत. जवळच्या कुठल्याही प्रेसमध्ये शीट घेऊन जा, कटिंग मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे. क्रीजिंगपण (घडीची खाच) करून देतात, लग्नपत्रिकेला करतात तेच. ओळखीचा असला तर चहावर भागतंय, नसला तरी फार घेणार नाही. तिथंच विचारा कटिंगच्या पट्ट्या आहेत का, आर्ट कार्ड, टेक्श्चर पेपर, मेटॅलिक, सगळ्याच्या पट्ट्या पोत्यानं पडलेल्या असतात, रद्दीतच जाणार असतात. बॉर्डरला, छोटे तारे पंच करायला एक नंबर.

फक्त चकचकीत आर्ट कार्डवर पोस्टर कलर लावायला जाऊ नका. त्याला कोटिंग असतं, रंग वर तरंगतो आणि वाळला की टवके उडतात. रंगकाम करायचं तर बिनकोटिंगचाच कागद.

क्विलिंग_कट्टा:
मी दरवर्षी क्विलिंगची (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीची) करते, फार सुंदर दिसतात. ३ मिमीच्या पट्ट्या घ्या, ५ च्या नको, त्या जाडजूड दिसतात. हिरव्या पट्टीचे थेंब करून वर निमुळतं होत जाणारं झाड, खाली तपकिरी चौकोन, टोकाला पिवळा तारा. समोरचा माणूस बघतच राहतो. हाताने केलेल्या कार्डात मेहनत दिसली पाहिजे, नाहीतर छापील काय वाईट?

कागदवेडी:
ताई तुमचं क्विलिंग भारीच असणार पण चाळीस? आणि पाकिटात घातलं की चेपतं, पोस्टात तर विचारूच नका.

क्विलिंग_कट्टा:
मग सरसकट चाळीस कशाला, जवळच्या चार जणांना क्विलिंगची, बाकीच्यांना साधी.

कागदवेडी:
ऑफिसात? एकाला मोत्याचं आणि शेजारच्याला साधं? त्या टेबलावरनं या टेबलावर कार्डं फिरतात हो, दुपारच्या डब्याला लगेच तुलना होणार. ऑफिसात सगळ्यांना सारखंच पाहिजे, साहेबापासून प्यूनपर्यंत. क्विलिंग घरच्यांना आणि मैत्रिणींना करा की.

चित्रकलेचा_तास:
शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं एका वेळी पन्नास जणांकडून काम करून घ्यायची सवय आहे. संख्या जास्त असेल तर उत्तर एकच, ठसा. कार्ड सजवत बसायचं नाही, एक चांगला ठसा करायचा आणि उठवत जायचं. प्रत्येक ठसा थोडा वेगळा उठतोच, कुठं रंग कमी कुठं जास्त, ते हाताचं काम म्हणून दिसतं आणि बालवाडीछापही वाटत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे भेंडी. आडवी कापली की आत पाच कप्पे, म्हणजे पाच पाकळ्यांची चांदणी आयती. कोवळी घेऊ नका, जून निबर घ्या जी भाजीला फेकून देता, ती ठशाला उत्तम कारण चेपत नाही. कापल्यावर चिकट रस येतो तो रद्दीवर टिपून घ्या, नाहीतर रंग घसरतो. जाड, मध्यम, बारीक अशा तीन आकारांच्या भेंड्या घेऊन गडद निळ्या कागदावर पांढऱ्या नि पिवळ्या पोस्टर कलरनं ठसे मारले की नाताळच्या रात्रीचं आभाळ तयार. एक मोठी चांदणी वर, बाकीच्या बारक्या विखुरलेल्या. हे काम चौथीतल्या मुलीकडं बिनधास्त द्या.

रंगात पाणी घालू नका. ताटलीत भांडी घासायच्या स्पंजचा नवा तुकडा ठेवा, त्यावर रंग ओतून पसरा, झाला स्टॅम्प पॅड. ठसा बुडवायचा नाही, टेकवायचा. आधी रद्दीवर एक उठवायचा, मग कार्डावर.

दुसरं खोडरबर. मोठं, मऊ, पांढरं घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं झाड किंवा चांदणी काढा, तो कागद खोडरबरावर पालथा टाकून नखानं घासा, चित्र उलटं उतरतं, आणि छापल्यावर सुलट होतं. अक्षरं करायची असतील तर हा हिशोब फार महत्त्वाचा. कटरनं कापताना पातं बाहेरच्या अंगाला तिरकं धरा म्हणजे रेघेखाली पाया रुंद राहतो, आत तिरकं गेलं तर रेघ दोन-चार ठशांत तुटून येते. कटर मोठ्यांनीच धरायचा.

तिसरं तुषारकाम. सुरूची बारकी फांदी नाहीतर नेच्याचं पान कार्डावर ठेवायचं, जुन्या टूथब्रशला रंग लावून कंगव्यावर घासायचं, रंगाचे शिंतोडे उडतात, पान उचललं की खाली कोऱ्या कागदात त्याचा आकार राहतो. सुरूची फांदी ख्रिसमस ट्रीसारखी दिसते, वेगळं काही काढावं लागत नाही. हे गच्चीत करा, आणि अंगात जुने कपडे घाला.

शिरोलीची_अकौंट्सवाली:
सर, भेंडी!! शाळेत केलं होतं की हे, डोक्यातच आलं नाही. लेक आत्ताच फ्रीज उघडून बघून आली. निळा कागद कार्डशीटमध्ये मिळतो का, की पांढऱ्यावर निळा लावायचा?

चित्रकलेचा_तास:
रंगीतच घ्या. अख्खं कार्ड पोस्टर कलरनं रंगवलं की कागद पाणी पितो आणि वाकडा होतो, शिवाय हाताला रंग लागतो. निळ्या कार्डाच्या आत मात्र लिहिता येत नाही, म्हणून आत साध्या कागदाचं जरा लहान पान घडीला चिकटवून द्या. फेविकॉल थापू नका, कागदाला लाटा येतात. ग्लू स्टिक, तीही फक्त घडीजवळ एक पट्टी. मग रात्रभर जाड पुस्तकांखाली.

मिरजेची_लेक:
मी मिरजेची, सासर कोल्हापूर, आम्ही ख्रिश्चन. खटकण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे इतका विचार करू नका, कुणी हाताने करून दिलंय म्हटल्यावर कुणाला राग येणार? दरवर्षी आम्हाला "हॅपी गुड फ्रायडे"चे मेसेज येतात ते आम्ही हसून घेतो, त्या मानानं तुमचं कार्ड म्हणजे सणच. (गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस आहे हो, त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. आलाच विषय म्हणून सांगितलं.)

चित्रात चांदणी सगळ्यात छान. बेथलेहेमचा तारा म्हणजे नाताळचीच खूण, आमच्याकडंही दारात तारा लागतो, आणि नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात, दिवाळीला तुमच्याकडं होतं तसंच. सांता, झाड, घंटा, मेणबत्ती सगळं चालतं. क्रूस काढला तर चूक नाही पण तो मरण आणि पुनरुत्थानाशी जोडलेला, जन्माच्या सणाला तारा, गव्हाणी, मेंढपाळ जास्त शोभतात. बाळ येशू, मरिया यांचं गंमतीचं कार्टून मात्र करू नका, सांताला काय फेटा बांधायचा तो बांधा.

आत "नाताळच्या हार्दिक शुभेच्छा" पुरे आहे. आमच्यात "ख्रिस्तजयंतीच्या शुभेच्छा"पण लिहितात, तिघाचौघांना तसं लिहिलंत तर त्यांना बरं वाटेल. बायबलचं वचन घालायचा अट्टहास नको, तुम्ही मनापासनं दोन ओळी लिहा. आणि उशीर झाला म्हणून नाराज होऊ नका, नाताळचा सण ६ जानेवारीपर्यंत धरतात, तोवर कार्ड आलं तर ते वेळेवरच.

चित्रकलेचा_तास:
मेंढपाळाचं बरं काढलंत. गोष्टीत बातमी पहिल्यांदा कळते ती रानात रात्री मेंढरं राखणाऱ्यांना. आपल्याकडं दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेनं मेंढरं घेऊन जाणारे धनगर बघतोच आपण, खांद्यावर घोंगडं, डोक्याला पागोटं, हातात काठी. तसा एक मेंढपाळ पाठमोरा, शेजारी दोन मेंढरं, वर मोठी चांदणी, एवढं काळ्या कागदातनं कापून निळ्यावर चिकटवलं तर ते आपल्या मातीतलं कार्ड होईल, आणि गंमतीचं न होता होईल. पाठमोरा असला की चेहरा काढावा लागत नाही, एलिमेंट्रीवाल्यांची सोय.

हे काही नवीन नाही. अँजेलो दा फोन्सेका म्हणून गोव्याचे चित्रकार होते (१९०२–१९६७), शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस यांच्याकडं शिकले आणि नंतर पुण्यात एका ख्रिस्ती आश्रमात राहून काम केलं. त्यांनी मरियेला साडी नेसवून रंगवलं. त्या काळात काहींना ते रुचलं नव्हतं, पण चित्रं नेटवर शोधून बघा, किती शांत आहेत.

तांबडा_पांढरा:
सर म्या पण गंमतच केलती. धनगराचं कार्ड मला एक ठेवा. पत्ता डीएम करतो.

गल्लीतला_वकील:
एक बारीक शंका. ख्रिश्चन नसलेल्या लोकांना नाताळचं कार्ड द्यायचं कशाला? आमच्या ऑफिसात एकानं तोंड वाकडं केलेलं बघितलंय.

मिरजेची_लेक:
ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ खाताना कुणी तोंड वाकडं करत नाही की.

शिरोलीची_अकौंट्सवाली:
@वकील, आमच्याकडं तसं वातावरण नाही, पण तुमचा मुद्दा डोक्यात ठेवून आत "नाताळ आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा" असं दोन्ही लिहिते. ज्याला जे घ्यायचं ते घेईल.

आता मजकूर सांगा कुणीतरी. ठसे होतील, कागद होईल, पण पेन हातात घेतलं की "सुखसमृद्धीचे व भरभराटीचे जावो" याच्या पुढं माझी गाडी जात नाही.

बखरवाला_रव्या:
थोडं जुनं पुराण, कामाचंच आहे. छापील नाताळ कार्डाची सुरुवात लंडनमध्ये १८४३ साली झाली. हेन्री कोल नावाचे गृहस्थ, सरकारी नोकरीतले, फार उद्योगी. तिथं १८४० ला एक पेनीत पत्र पोचवणारी टपाल सेवा सुरू झाली, तिच्या उभारणीत यांचाही हात, आणि मग नाताळला पत्रांचा असा पाऊस पडायला लागला की उत्तरं लिहून माणूस थकला. उत्तर न देणं तर असभ्य. म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं, हजारेक प्रती छापल्या, स्वतःला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या एक शिलिंगला एक अशा विकायला काढल्या. म्हणजे कार्ड जन्माला आलं तेच पत्र लिहायचं टाळण्यासाठी!

त्यावरही बोंबाबोंब झाली. चित्रात अख्खं कुटुंब ग्लास उंचावतंय आणि एक लहान पोर वाइन पितंय, दारूबंदीवाले खवळले. दोन्ही कडेला गरिबांना जेवण आणि कपडे देतानाची चित्रं होती, ती राहिली बाजूला.

तर मुद्दा असा की छापील मजकूरच लिहायचा असेल तर कोलसाहेबांनी ती सोय कधीच केलीय, तुम्ही कशाला भेंड्या कापताय. "भरभराटीचे जावो" एका ओळीत संपवा आणि खाली त्या माणसाबद्दलचीच एक ओळ लिहा जी दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही.

कागदवेडी:
हे वाक्य चिकटवून ठेवलं पाहिजे धाग्याच्या वर. मी तर म्हणते वेळेचे दोन भाग करा, अर्धा ठशांना आणि अर्धा त्या एका ओळीला. लोक कार्ड ठेवतात ते ओळीसाठी. डिस्पॅचच्या माणसाला लिहा, मार्च एंडिंगला तुम्ही चलनं वेळेत दिलीत म्हणून मी घरी वेळेत पोचले. टेबलशेजारच्या मैत्रिणीला, तुझ्या डब्यातल्या खर्ड्याशिवाय माझं जेवण होत नाही. नावांची यादी आधीच करा आणि प्रत्येकापुढं एकेक शब्द खरडून ठेवा, खर्डा, चलन, छत्री, काय आठवेल ते. लिहायला बसलात की तेवढा शब्द पुरतो. आणि सलग चाळीस लिहू नका, हात दुखतो आणि पंचविसाव्यापासनं सगळं सारखंच लिहिलं जातं.

शिरोलीची_अकौंट्सवाली:
छत्री कशी काय ओळखलीत, खरंच एकानं दिली होती पावसात! साहेबांचं काय पण?

गल्लीतला_वकील:
साहेबांना कौतुक करू नका, लोणी लावल्यासारखं वाटतं. त्यांनी काही शिकवलं असेल तर ते लिहा. तेवढंच. घरच्यांना शुभेच्छा म्हणून संपवा.

जुना_प्रेसवाला:
आणि सही निळ्या नाहीतर काळ्या जेल पेननं. ग्लिटर पेन नको, साहेबांच्या शर्टाला चमकी लागली की पुढचं इन्क्रीमेंट गेलं.

पोस्टात_चाकरी:
पोस्टानं जाणार म्हणालात म्हणून. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. तुमचं साडेपाच बाय सातचं कार्ड २५० जीएसएमचं असेल तर सहा-सव्वासहा ग्रॅम भरतं, आतलं पान दोन ग्रॅम, पाकीट चार-पाच, म्हणजे आरामात बसलं. पण वर दुसऱ्या जाड कागदाचे थर, मणी, घंटा लावलंत की २० च्या पुढं, मग तिकीट कमी पडतं आणि घेणाऱ्याकडनं दंडासकट पैसे मागतात, शुभेच्छा राहतात बाजूला. सोनाराकडं नाहीतर काउंटरवर एकदा वजन करून घ्या.

उंचवटा असलेलं काही आत नको. पाकिटावर शिक्का जोरात बसतो, आत मणी असेल तिथं पाकीट फुटतं. क्विलिंगवालं पाठवायचंच असेल तर पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात घालून स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड मागू नका, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. पत्ता काळ्या पेननं, पिनकोड ठळक. गडद निळ्या पाकिटावर निळ्या पेननं पत्ता घालणारे लोक आहेत, देव त्यांचं भलं करो. आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यावर ढकलू नका, दुसऱ्या आठवड्यातच टाका.

रंकाळ्यावरची_पोर:
पाकिटाचं कुणी बोललंच नाही. साडेतीन बाय साडेपाचला बाजारातलं पाकीट बरोबर बसेलच असं नाही, आम्ही घरी करतो. एक रेडिमेड पाकीट वाफेवर धरून उकलायचं, पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढायचा आणि कार्डापेक्षा चारी बाजूंनी पाव सेंटीमीटर मोठा करून कापायचा, झाला साचा. ब्राउन पेपर वापरायचा, वहीला कव्हर घालतो तो, चकचकीत बाजू आत. त्यावर लाल रंगानं भेंडीचा एक ठसा मारला की वेगळं काही करायला नको.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर त्यापण काढा. गणपतीचं चित्र आणि नावं असलेला भाग वापरू नये, ते बरं दिसत नाही, पण आतली कोरी बाजू, सोनेरी काठ, वेलबुट्टी एवढी सुंदर असते, त्यातनं तारे आणि पट्ट्या कापा. सोनेरी रंग वेगळा विकत घ्यायचा नाही. आमच्याकडं दिवाळीत आकाशकंदील केल्यावर उरलेला घोटीव कागद आणि जिलेटीन पण यातच संपवतो.

कागदवेडी:
हजाराच्या आत म्हणालात ना, या हिशोबानं निम्मे पैसे वाचतायत. वाचलेल्यात एक हौस सांगू? पुण्याला शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, सुती चिंध्यांपासनं हाताने कागद करतात. पुण्याच्या मैत्रिणीला दोन-चार शीट आणायला सांगा, खास चार कार्डं त्याची करा. त्याला कात्री लावायची नाही, पट्टी ठेवून ओल्या ब्रशनं रेघ मारायची आणि हळूच फाडायचं, कडा मऊ रेशेदार येते. शाईचं पेन मात्र त्यावर फुटतं, जेल पेनच वापरा.

क्विलिंग_कट्टा:
आणि त्या चारांवर क्विलिंग! 😄

कागदवेडी:
त्या चारांवर करा हो, मी कुठं नाही म्हणते. फक्त खोक्यातनं पाठवा, पोस्टातले दादा बघतायत.

शिरोलीची_अकौंट्सवाली:
एवढी मदत होईल असं वाटलं नव्हतं. तर ठरलं असं की ऑफिससाठी सगळ्यांना सारखंच, निळं कार्ड आणि भेंडीच्या चांदण्या, आत मोतिया पान. मैत्रिणींना पाठमोरा मेंढपाळ, तो मी कापणार, मेंढरं लेक कापणार म्हणतीय त्यामुळं ती कुत्र्यासारखी दिसायची शक्यता आहे, चालतंय. तिघाचौघांना "ख्रिस्तजयंतीच्या शुभेच्छा". नावांची यादी आज डब्याच्या सुट्टीत चोरून करायला घेतली, एका नावापुढं काहीच सुचेना, रोज बोलतो त्या माणसाशी पण फक्त बिलांबद्दल. उद्या जरा चहाला थांबून बोलते, मग लिहिते त्याचं.

शनिवारी शीट आणते आणि तशीच प्रेसमध्ये जाते कटिंगला.

मिरजेची_लेक:
मेंढरं कुत्र्यासारखी झाली तर मेंढपाळाकडं कुत्रा असतोच की. छान होणार. फोटो टाका नक्की.

तांबडा_पांढरा:
फोटू टाका आणि केक कधी कापताय त्ये बी सांगा, शिरोली लांब न्हाई.

जुना_प्रेसवाला:
प्रेसमध्ये जायच्या आधी घरीच शीट वाकवून दिशा बघा आणि मागं पेन्सिलीनं बाण काढून न्या. सात इंचाची बाजू मधे दुमडायचीय, म्हणजे घडी साडेपाच इंच लांबीची येणार, बाण त्या साडेपाचच्या बाजूला समांतर पाहिजे. २२ इंच बाणाच्या अंगाला असतील तर सोळा बसतात. बाण २८ च्या अंगाला निघाला तर त्या बाजूला साडेपाचचे पाच आणि २२ च्या बाजूला सातचे तीन, म्हणजे पंधरा. एक तुकडा गेला तर जाऊ दे, घडी महत्त्वाची. कापणाऱ्याला हे आधी सांगा, पातं खाली आल्यावर सांगून उपयोग नाही. आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, सगळीकडं नव्या वर्षाच्या कॅलेंडरांची घाई असते, सकाळी दहाला जा.